मार्लनेसचं एक मत

मार्लनेसच्या कड्यावरचं शेवटचं घर मॅव्हिस थरकेटलचं. शेवटचं म्हणजे आता शेवटचं. लग्न होऊन ती या गल्लीत आली तेव्हा तिच्या घरापुढे आणखी घरं होती, एक दुकान होतं, कोबीचं शेत होतं, आणि शेतापलीकडे कुठंतरी समुद्र होता. त्याचा आवाज यायचा, पण बघायचा तर चालत जावं लागायचं. आता स्वयंपाकघरात बश्या विसळताना तो समोर दिसतो. मागल्या हिवाळ्यात परसातलं सफरचंदाचं झाड गेलं. सकाळी तिनं पडदा सारला तर झाडाच्या जागी नुसतं आभाळ.

घर सिडनं, तिच्या नवऱ्यानं, स्वतःच्या हातानं बांधलेलं. सिड गवंडी होता. आठवडाभर लोकांच्या भिंती रचायचा आणि रविवारी आपल्या. तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली. चर्चच्या आवारात त्याला पुरलंय, आणि चर्चसुद्धा कड्यापासून फार लांब उरलेलं नाही. मॅव्हिस म्हणायची, "समुद्र आधी मला नेतो की सिडला, एवढंच बघायचं राहिलंय."

कड्याच्या पायथ्याशी जुना लाकडी बांध होता. जाड जाड खांब आणि त्यांवर आडव्या फळ्या. तो होता तोवर लाटा येऊन त्याच्यावर आपटायच्या आणि दमून परत जायच्या. मग वादळांनी त्याचे दात एकेक करून पाडले. नवा बांध घालायचा की नाही हे हॉलसी जिल्हा कौन्सिलच्या हातात होतं. कौन्सिलमधल्या अर्ध्या लोकांचं म्हणणं, घालावा. अर्ध्यांचं म्हणणं, निसर्गाला त्याचं काम करू द्यावं.

"असं म्हणणाऱ्यांच्या घरापासून निसर्ग चार मैल लांब आहे," मॅव्हिस म्हणायची.

तर त्या मे महिन्यात निवडणूक आली तेव्हा हिशेब सरळ होता. दोन्ही बाजू तोलास तोल. मार्लनेसचा एक सदस्य ज्या बाजूला बसेल त्या बाजूनं बांधाचा निकाल. आणि मार्लनेसचा सदस्य म्हणजे मॅव्हिसचा धाकटा भाऊ, बांध हवा म्हणणारा लेन बुलन.

ही कौन्सिल झाली तेव्हापासून मार्लनेसची जागा बुलनांच्या घरात होती. पहिल्या निवडणुकीला त्यांचा बाप, वॉल्टर बुलन, उभा राहिला. खेकडे पकडणारा माणूस, कोट एकच, तोही लग्नातला. समोर जेक्स नावाचा पाववाला. मतदानाच्या दिवशी दोघं मिळून गावाच्या हॉलमध्ये गेले. वॉल्टरनं मताची फुली जेक्सच्या नावापुढं मारली, जेक्सनं वॉल्टरच्या. बाहेर येऊन दोघांनी हात मिळवले आणि गावच्या 'लॅम्ब' पबमध्ये जाऊन एकमेकांना बिअर पाजली. वॉल्टर निवडून आला. पण गावाच्या लक्षात राहिली ती फुली. पाहुणा बसलेला असताना केकचा पहिला तुकडा आपणच आपल्याला कापून घ्यायचा नसतो, तसं स्वतःचं मत स्वतःला द्यायचं नसतं, अशी मार्लनेसची रीत होऊन बसली.

पुढं बहुतेक वेळा समोर कुणी उभंच राहिलं नाही. दर चार वर्षांनी हॉलच्या दारावर कागद लागायचा, 'बुलन, अविरोध', आणि आतला विणकामाचा वर्ग न मोडता चालू राहायचा. बाप गेला, लेन आला. त्याच्या काळात दोनदा सामना झाला. एकदा शाळामास्तराशी, एकदा एका शेतकऱ्याच्या विधवेशी. दोघंही गावचीच. रीत ठाऊक असलेली. दोघांनीही लेनला मत दिलं, लेननं त्यांना. एकाची भर दुसऱ्याकडे, दुसऱ्याची पहिल्याकडे. नफा नाही, तोटा नाही, वर माणुसकी राहिली. लॅम्बचा मालक नॉबी हॅगन उन्हाळी पाहुण्यांना ही गोष्ट रंगवून सांगायचा. वॉल्टरचा पत्र्याचा बिअरचा मग त्यानं गल्ल्याच्या मागं खुंटीला टांगून ठेवला होता. त्यातून आता लेन प्यायचा.

यावेळी मात्र वरच्या वस्तीची भर पडली होती. कड्यापासून आत, टेकाडावर, नवे बंगले उठले होते. शहरातून निवृत्त होऊन आलेली माणसं. कौन्सिलनं सीमा बदलल्या आणि ती वस्ती मार्लनेसच्या मतदारसंघात आली. तिथला रॉडनी होलरॉइड पक्षाच्या तिकिटावर उभा राहिला. दातांचा डॉक्टर होता, हसरा होता, भेटला की टोपी काढायचा. त्याच्या पत्रकात बांधाबद्दल एक ओळ होती. तिचा अर्थ, बांध नको.

मतदानाच्या दिवशी मॅव्हिस सकाळी सातला हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसली. छातीवर लेनच्या निळ्या-पांढऱ्या फितीचं फूल. तिचं काम म्हणजे येणाऱ्याला त्याचा मतदार क्रमांक विचारायचा आणि लिहून घ्यायचा. मग दुपारी कळतं, आपलं कोण अजून आलं नाही. त्याला गाडी पाठवायची. शेजारच्या खुर्चीवर होलरॉइडच्या पक्षाची जिलियन. वरच्या वस्तीतली, चाळिशीची, गळ्यात गुलाबी मफलर. विरुद्ध पक्षाच्या दोन बायका, पण दिवस एकाच दारात काढायचा. जिलियन लघवीला गेली की मॅव्हिस तिचेही क्रमांक लिहून ठेवी, आणि मॅव्हिसचा चहा संपला की जिलियन आपला थर्मास पुढं करी. हे असंच असतं. याला कुणी फितुरी म्हणत नाही.

पण एक नियम मात्र कडक होता. दारात बसणाऱ्यानं दारात प्रचार करायचा नाही. मत कुणाला देणार विचारायचं नाही, कुणाला द्या म्हणायचं नाही. क्रमांक विचारायचा, हवेबद्दल बोलायचं, बस्स. आतल्या अधिकाऱ्यानं हे सकाळी दोघींना बजावलं. मॅव्हिसला बजावायची गरज नव्हती. ती पहिल्या निवडणुकीपासून या दारात बसत आलेली. एकदा एका बाईनं विचारलं होतं, "मॅव्हिस, तुझ्या बापाचं नाव वरून कितवं गं?" तर हिनं उत्तर दिलं होतं, "आज पाऊस येईल असं वाटतंय, नाही?"

नऊच्या सुमारास होलरॉइड आला. बायकोचा हात धरून, बटनं चकचकीत. क्रमांक दिला, आत गेला. बाहेर आला तो दोन्ही हात चोळत.

"चला, एक तर पक्कं झालं!" तो जिलियनला म्हणाला. "आता उरलेली तू आण बाई!"

"एवढ्यावर निवडून यायचा विचार दिसतोय तुमचा," जिलियन हसली.

"घरातलीच मतं न मिळणारे उमेदवार मी पाहिलेत. मी म्हटलं, निदान स्वतःचा तरी स्वतःवर भरवसा हवा. काय मिसेस थरकेटल?"

मॅव्हिसनं त्याला थर्मासातला चहा ओतून दिला. हवा बरी आहे म्हणाली. पण चहा ओतता ओतता तिच्या मनात आलं, हा माणूस रीत जाणत नाही. याला कुणी सांगितलेलीच नाही. यानं स्वतःला मत दिलं, आणि लेन येईल तो याला देईल. इकडे एक कमी, तिकडे एक जास्त. म्हणजे आमच्या डोक्यावर दोन मतांचं ओझं.

मग तिनं स्वतःलाच समजावलं, दोन मतांनी काय होतंय.

पण दिवस चढत गेला तशी तिला धडकी भरली. वरच्या वस्तीतून गाड्यांवर गाड्या येत होत्या. अशी माणसं, की ज्यांना ती ओळखतही नव्हती. जिलियनची वही भरत होती. कड्याकडून येणारी म्हणजे काठी टेकत येणारी. लेन स्वतःच्या जुनाट गाडीतून एकेका म्हातारीला आणत होता, दार उघडत होता, हात देत होता, परत पोचवत होता. स्वतःचं मत द्यायला त्याला सवड नव्हती.

"आपल्याकडचे संपले का गं, मेव्ह?" तो खिडकीतून विचारायचा.

"गल्लीतली मिसेस प्लम राहिलीय. आणि तू."

"मी शेवटी. बाबा शेवटीच द्यायचे."

संध्याकाळी चहाच्या वेळेला तो आला. गाडी लावली, केसांवरून हात फिरवला, कोट झटकला. तो कोट बापाचा. मॅव्हिसनं त्याला हॉलकडे येताना पाहिलं. आता सांगायचं तर आता. चार शब्द. 'त्यानं रीत पाळली नाही.' एवढंच. लेन समजला असता. किंवा नसता समजला. पण निदान त्याच्या कानावर पडलं असतं.

पण शेजारी जिलियन बसली होती. आत अधिकारी होता. आणि समोर हॉलचं ते दार, ज्यात ती उभं आयुष्य कुणाला काही न सांगता बसली होती.

"लेन, थांब जरा," ती म्हणाली.

"काय गं?"

जिलियननं वहीतून मान वर केली. काही वाकडं नव्हतं तिच्या मनात, नुसती वर केली.

"चहा घेतोस?"

"आधी आत जाऊन येतो. मग घेतो की." आणि तो हसला. "क्रमांक नाही विचारलास?"

तिनं क्रमांक विचारला. त्यानं सांगितला. तिनं लिहिला.

तो आत गेला. दोरीला बांधलेली पेन्सिल फळीवर टेकल्याचा आवाज बाहेर येत नाही, पण तिला आला असं वाटलं. बाहेर येऊन त्यानं चहाचा कप घेतला आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "बाबांची रीत ठेवली."

"ठेवलीस ना," ती म्हणाली. "चांगलं केलंस."

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉलसी गावातल्या क्रीडागृहात. लाकडी फरशीवर बॅडमिंटनच्या रेघा, त्यांवर लांब टेबलं, टेबलांमागं कौन्सिलचे नोकर बोटांना रबराच्या टोप्या घालून बसलेले. बाकीच्या जागांचे निकाल लागत गेले. ते जसे लागतील असं लोक म्हणत होते तसेच लागले. अखेर मार्लनेसच्या टेबलाभोवती गर्दी जमली. दोन्ही पक्षांची बडी माणसंसुद्धा येऊन उभी राहिली, कारण पारडं तिथंच अडलं होतं.

गठ्ठे मोजले. मग परत मोजले. मग बाद झालेल्या मतपत्रिका एकेक करून उजेडात धरून बघितल्या. एकीवर कुणीतरी फुलीऐवजी मासा काढला होता. ती बादच राहिली. निवडणूक अधिकारी बाईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"समसमान," ती म्हणाली.

होलरॉइडनं गालात हवा भरून सोडली. लेन मात्र हसला. त्याला ते शोभेसं वाटलं असावं. तो होलरॉइडकडे वळला आणि हात पुढं केला.

"बघा डॉक्टर, हे असं होतं. माझं एक तुमच्याकडे, तुमचं एक माझ्याकडे. म्हणून काटा मध्ये उभा."

"म्हणजे? कळलं नाही मला."

"मतं हो, आपली. आपलं आपल्याला देत नाही ना आपण."

होलरॉइड हसायला लागला. त्याला ती थट्टा वाटली. "छे छे! मी माझं मलाच दिलं. न देऊन सांगतो कुणाला? का, तुम्ही..."

आणि तो मध्येच थांबला. लेनच्या तोंडाकडे पाहून थांबला. लेननं हात पुढं केलेला होता तो तसाच राहिला. मॅव्हिस त्याच्या मागं उभी होती. तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं, मान दिसत होती. ती मान बापाच्या कोटाच्या कॉलरमध्ये हळूहळू खाली जाताना तिनं पाहिली.

कायद्यात असं आहे, की समसमान झालं तर चिठ्ठी. अधिकारी बाईनं दोन कागदांवर दोन नावं लिहिली, घड्या घातल्या. टाकायला भांडं काही मिळेना. कुणीतरी कोपऱ्यातून बॅडमिंटनच्या फुलांचा लांबट डबा आणला, आतली फुलं टेबलावर ओतली. तिनं डबा हलवला, दोन बोटं आत घातली आणि एक कागद काढला.

"होलरॉइड."

टाळ्या वाजल्या, पण अवघडून. सगळ्यांना त्या डब्याची लाज वाटत होती. चिठ्ठीचं ते एक मत कायद्यानं विजेत्याच्या मतांत मिळवतात. म्हणून कागदावर निकाल लागला तो एका मताचा. होलरॉइड जिंकला, बुलन एका मतानं पडला. चिठ्ठीचं नाव कुठंच नाही.

परतताना लेन गाडी चालवत होता. कड्याच्या वळणावर लेन म्हणाला, "दोन मतांनी आलो असतो मी."

"हं."

"त्याला कुणी सांगायला हवं होतं गं. आपली रीत."

मॅव्हिसनं खिडकीची काच वर घेतली.

लॅम्बमध्ये त्या संध्याकाळी माणूस मावत नव्हता. जो तो दुसऱ्याला विचारत होता, कोण राहिलं मत द्यायचं. एका मतानं! मिसेस प्लम पायऱ्यांवरून पडली म्हणून आली नाही, तर तिच्या नावानं बोटं मोडून झाली. लेन आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे लेन, तुझा काय दोष. प्लमबाईला काठीनं आणायला हवी होती."

"प्लमबाईला काही बोलू नका," लेन म्हणाला. "मत माझंच गेलं. मी होलरॉइडला दिलं. त्यानं स्वतःला."

नॉबीनं बिअरचा नळ बंद केला.

"तू तुझं मत त्या दातवाल्याला दिलंस?" नॉबी म्हणाला.

"रीत आहे ती."

"रीत! समुद्राला दाखव जा ती रीत. म्हणावं, बाबा रे, आधी तू घे!"

काही जण हसले. ते हसणं लेनला ओळखीचं नव्हतं.

"नॉबी, तूच सांगतोस की लोकांना. बाबांची आणि जेक्सची गोष्ट."

"गोष्ट सांगायला असते रे लेन! तुझ्या बापाच्या वेळी बांध होता का पडायला आलेला? आमची घरं तिथं उघड्यावर, आणि हा तिकडं शिष्टाचार करतोय!"

"माझं घर नाही का तिथं? बहिणीचं नाही?"

"मग बहिणीला विचार, काय वाटतं ते."

मॅव्हिस कोपऱ्यात बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं ग्लास खाली ठेवला. "लेननं काही वाईट केलं नाही," ती म्हणाली. मग ग्लास परत उचलला.

जूनमध्ये कौन्सिलच्या सभेत बांधाचा ठराव आला आणि होलरॉइडच्या एका हातानं पडला. नॉबीनं दुसऱ्या दिवशी वॉल्टरचा मग खुंटीवरून काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि लेनच्या दारात ठेवून गेला. दार वाजवलं नाही. त्यानंतर लेन लॅम्बला गेला नाही. लोक त्याला रस्त्यात भेटत, मान हलवत, पण थांबत नसत. लहान गाव. मान हलवून पुढं जाणं म्हणजे काय ते तिथं सगळ्यांना कळतं.

त्या हिवाळ्यात दोन वादळं आली. पहिल्यानं उरलेल्या फळ्या नेल्या. दुसऱ्यानं परस नेलं, आणि सिडनं बांधलेली धुण्याची खोली मधोमध चिरली. एक अभियंता आला, भिंतीवर खडूनं खूण करून गेला. घर खाली पडण्याआधी पाडायचं ठरलं, किनाऱ्यावर चालणाऱ्यांच्या डोक्यावर विटा नकोत म्हणून. मॅव्हिसला हॉलसीत एक खोली मिळाली. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून बस-स्थानक दिसणारी. चर्चच्या आवारात नवीन माणूस पुरायला बंदी झाली. सिडच्या शेजारची तिची जागा तिनं पुष्कळ आधी सांगून ठेवली होती. पाद्री येऊन म्हणाला, "वाईट वाटतं हो." ती म्हणाली, "माझं जाऊ द्या. त्याला उचलणार का, ते सांगा." विचारून सांगतो म्हणून तो गेला.

आणि मग वसंतात ती कौन्सिलच गेली. सरकारनं ठरवलं, लहान लहान जिल्हे मोडून सगळ्या परगण्याची एकच मोठी कौन्सिल करायची. बांधाला नको म्हणणारी आणि हवा म्हणणारी माणसं एकाच दिवशी घरी बसली. निरोपाची म्हणून एक पुस्तिका काढली त्यांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या सगळ्या निवडणुकांची. मॅव्हिसलाही एक आली. मार्लनेसच्या पानावर नुसतं बुलन, बुलन, अविरोध, अविरोध, आणि शेवटच्या ओळीत होलरॉइड, एका मतानं. पहिल्या निवडणुकीच्या ओळीत जेक्सचं नाव होतं. दोन फुल्यांबद्दल काही नव्हतं. ते पुस्तिकेत कसं मावणार?

घर पाडायचा दिवस कोरडा होता आणि वारं होतं. मॅव्हिस आणि लेन गल्लीच्या तोंडाशी स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या टाकून बसली. तेवढंच सामान राहिलं होतं. पिवळं यंत्र खडखडत आलं. सोबतच्या ट्रकवर नव्या मोठ्या कौन्सिलचं चिन्ह चिकटवलेलं, पण कागद नीट बसला नव्हता, आणि कडेनं खालची जुनी 'हॉलसी'ची अक्षरं डोकावत होती.

"मेलेल्याच्या अंगावर नवा सदरा," लेन म्हणाला. तो अलीकडे असं काहीतरी एखादंच वाक्य बोलायचा.

गावातली चार माणसं लांब उभी राहिली होती. होलरॉइड मात्र जवळ आला. टोपी हातात, केस वाऱ्यानं उडालेले. वर्षभरात म्हातारा झाला होता.

"मिसेस थरकेटल, मी येऊ नये असं वाटत असेल तुम्हाला."

"रस्ता सगळ्यांचा आहे," ती म्हणाली.

"मला तुम्हा दोघांना एक सांगायचं होतं. ती तुमची रीत... मला खरंच ठाऊक नव्हती हो. नंतर लोकांकडून कळली. आधी कळली असती तर मी पाळली असती. देवाशपथ पाळली असती. बांधाच्या बाबतीत माझं मत वेगळं होतं, ते होतंच. पण असं जिंकायचं नव्हतं मला."

"जाऊ द्या डॉक्टर," लेन म्हणाला.

"कसं जाऊ देऊ? आणि मी काही लपवलं नव्हतं. उघड बोललो होतो, त्याच दिवशी सकाळी, हॉलच्या दारात. एक तर पक्कं झालं म्हणून. मिसेस थरकेटल होत्या की तिथं. मला चहा दिला यांनी. तेव्हाच कुणी म्हणालं असतं ना, की बाबा रे, आमच्याकडं असं करत नाहीत..."

आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं नाही. तो आणखी थोडा वेळ उभा राहिला, टोपी फिरवत राहिला, मग "येतो" म्हणून निघून गेला.

यंत्रानं आधी धुण्याची खोली घेतली. ती अर्धी गेलीच होती. मग दात धुराड्याला लावले.

लेन मॅव्हिसकडे बघत नव्हता. घराकडे बघत होता.

"सकाळी?" तो म्हणाला.

"नऊच्या सुमारास."

"आणि मी आलो चहाच्या वेळेला."

"हो."

धुराडं एकदम पडलं नाही. आधी वाकलं, सिडच्या विटा एकमेकींना धरून राहिल्या, मग सगळ्या मिळून गेल्या. धूळ वाऱ्यानं समुद्राकडे नेली.

"थांब म्हणाली होतीस तू मला," लेन म्हणाला. "आठवतंय. थांब म्हणालीस, आणि चहा घेतोस का म्हणालीस."

मॅव्हिसनं मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. तिला वाटलं, आता हा उठेल. उठून जावा, असंही वाटलं. गावातल्या माणसांसारखी मान हलवून.

"जिलियन होती शेजारी," ती म्हणाली. "आणि दार होतं ते, लेन. मी दारात बसले होते."

यंत्र मागं सरलं, परत पुढं आलं.

"दारात सांगत नाहीत," तो म्हणाला.

"नाही सांगत."

"सांगितलं असतंस तरी मी त्यालाच दिलं असतं, मेव्ह. बहुतेक."

"बहुतेक," ती म्हणाली.

त्यानं हात लांब करून तिच्या खुर्चीची पाठ धरली. तिचा खांदा नाही, खुर्चीची पाठ. समोर आता दाराची चौकट तेवढी उभी होती, दोन बाजूंना काही नसलेली, आणि तिच्यातून पलीकडचा समुद्र दिसत होता. यंत्रवाल्या माणसानं यंत्र थांबवलं, काच खाली केली आणि ओरडून विचारलं, "बाई, चौकट हवी का तुम्हाला? काढून देतो!"

मॅव्हिसनं मान हलवली. नको.